खोट्या साहेबानं दिलेली रजा

आमच्या गल्लीत बहुरूपी उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. वाशीमची ती दुपार म्हणजे पंख्याची घरघर आणि पेंगणारी माणसं. अर्धवट झोपेत कुठून तरी शिट्टी ऐकू येते आणि आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. कधी तो डॉक्टर असतो, एकदा निवडणुकीचा उमेदवार होऊन आला होता आणि प्रत्येक घराला मत देऊन गेला. पण त्याला शोभतो तो पोलीस. खांद्यावर पत्र्याचे तारे, चिकटवलेल्या मिशा, पायात निळी रबरी चप्पल. खऱ्या पोलिसापुढे ज्यांची बोबडी वळते तीच माणसं याच्यापुढे कान पकडतात आणि पोट धरून हसतात. मला ते फार आवडतं. वर्दीवर माझा जुना राग आहे.

बाबा पोलिसात जमादार होते. माझं लग्न रामनवमीच्या आदल्या दिवशी लागलं आणि ते पोहरादेवीच्या यात्रेत बंदोबस्ताला उभे होते. कन्यादान काकांनी केलं. "सुट्टी नाही भेटली," एवढंच बाबा नंतर बोलले, तेही भाकरी मोडता मोडता. मागितलीच नसेल, असं मी बावीस वर्षं धरून बसले होते. जो माणूस मागायला गेला तो चार शब्द तरी जास्त बोलला असता. आईला एकदा तोंडावर विचारलं, तर ती म्हणाली, "त्याइच्या मनातलं मले कधी समजलं, बाई?"

आता आई नाही आणि बाबा माझ्याकडे असतात. त्यांच्या डोक्यातली वर्षं एकमेकांत मिसळली आहेत. सकाळी ते रिटायर असतात, दुपारी ड्युटीवर. मला कधी मुलगी म्हणून ओळखतात, कधी विचारतात, "बाई, तक्रार काय हाय तुमची?" आधी मी रडायचे, मग चिडायचे, आता सरळ तक्रार सांगते. दूधवाला पाणी घालून राह्यला, म्हणते. ते गंभीरपणे मान हलवतात.

त्या दुपारी ते ओसरीत खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. अंगणात ऊन पांढरं झालं होतं आणि कडुलिंबाची बारीक फुलं आवाज न करता पडत होती. मीही दाराशी टेकून जवळजवळ झोपलेच होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

"कोण हाय घरात? वॉरंट निघालं तुमच्यावर," बहुरूपी गरजला. "तुमची मांजर बिनापरवान्याची शिकार करून राह्यली. चला ठाण्यात. मांजरीले जामीन कोण राह्यते?"

मी हसणार तोच बाबा उठले. गुडघ्यांना सांभाळत सरळ झाले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला. बहुरूप्याला ती गंमतच वाटली. त्यानंही छाती काढून सॅल्यूट केला. "बोला, काय काम हाय?"

"साहेब, रजेचा अर्ज होता," बाबा म्हणाले. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पोरीचं लगन हाय. तिसऱ्यांदा येऊन राह्यलो. तुमी यात्रा हाय म्हणता, कबूल. पण अक्षतापुरतं सोडा. सकाळी जातो, संध्याकाळी पॉइंटवर हजर होतो. तिले सांगतलं नाही मी अजून. कसं सांगू, साहेब?"

पुस्तकांत मी वाचलं होतं, सोंगाच्या राज्यात भिकारी राजा होतो आणि राजाची टोपी उडते. तिथं कोणी असा अर्ज घेऊन आल्याचं मात्र वाचलं नव्हतं. डोकं बिघडलं म्हणून असल्या गोष्टी नव्यानं सुचत नाहीत. ज्या माणसावर मी बावीस वर्षं रुसले होते तो तीनदा साहेबापुढे असा उभा राहिला होता. मला स्वतःची लाज वाटली.

बहुरूप्यानं माझ्याकडे पाहिलं. "माझंच लग्न," मी हळूच म्हणाले. "बावीस वर्षं झाली." त्यानं सुटू लागलेली मिशी बोटानं दाबून बसवली.

"रजा मंजूर," तो म्हणाला. "यात्रेचं आमी पाह्यतो. लगन कुठी हाय?"

"वाशीमले, साहेब."

"मंग पोचले तुमी."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. अंगण, दोरीवरचे कपडे, पांढरं ऊन. बहुरूप्यानं झोळीत हात घालून घरोघरी मिळालेली ज्वारी मूठभर काढली आणि त्यांच्या ओंजळीत ओतली. मंगलाष्टकं त्याला येत नव्हती. मांजर, वॉरंट, ठाण्यातला चहा, जे सुचेल ते तो लांब सुरात गायचा आणि शेवटी खणखणीत 'शुभमंगल सावधान' लावायचा.

"नवरी कुठी हाय?" बाबांनी विचारलं.

माझ्या अंगात विटका गाऊन होता. दोरीवरचा टॉवेल ओढून मी डोक्यावर घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. प्रत्येक सावधानला ते चार-चार दाणे टाकत होते, पुरवून पुरवून. एक दाणा माझ्या पापणीवर लागला. मी सगळ्यांदेखत, म्हणजे त्या एका खोट्या साहेबादेखत, हुंदके देऊन रडत होते. नवरीनं रडावं, त्यात कोणाला नवल वाटलं नाही.

ओंजळ रिकामी झाली. बाबांनी हात झटकले.

"जेवून जा ना, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी आधी साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मान हलवली. मग त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला आणि खुर्चीवर टेकत म्हणाले, "वाढ, पोरी. संध्याकाळपर्यंत हाओ मी."