अब्बा, मी आणि एलईडी हेडलाइट

मी भूमला राहते आणि जवळच्या एका गावातल्या शाळेत गणित शिकवते. जाता येता एसटी आहे, पण दहावीचे जादा तास संपेपर्यंत संध्याकाळची गाडी निघून गेलेली असते. म्हणून भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची जुनी मोटारसायकल मी ठेवून घेतली. सुरुवातीला लोक वळून बघायचे. मग त्यांना सवय झाली. मला मात्र त्या गाडीच्या हेडलाइटची सवय काही होईना. गाडी पळवली की तो उजळायचा आणि वेग कमी केला की मलूल व्हायचा. म्हणजे खड्डा आला म्हणून मी गाडी हळू करायची आणि नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा व्हायचा.

हिवाळ्यात अंधार लवकर पडायला लागला, तसा मी एक एलईडी दिवा मागवला. आमचा नेहमीचा मेकॅनिक लग्नासाठी गावाला गेला होता. रविवारी सकाळी मी दिव्याचा खोका घेऊन अब्बांसमोर बसले. अब्बा शिंपी आहेत. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं मराठीतच सांगते.

"अब्बा, हा आपल्याला बसवता येईल का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही बाजूंनी दिवा पाहिला. "तारच जोडायची ना? सगळी उमर धागे जोडण्यात गेली माझी. चल."

आम्ही जुना बल्ब काढला, त्याच जागी नवा बसवला आणि गाडी चालू केली. दिवा लागला, पण असा थरथरायला लागला की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. अम्मी दारातून म्हणाली, "हिंव भरलंय का त्याला?"

मी स्पेअरपार्टच्या दुकानदाराला फोन लावला. तो हसायलाच लागला. "मॅडम, तुमच्या गाडीत हेडलाइटला करंट थेट इंजिनातनं येतो. एलईडीला बॅटरीतनं द्यावा लागतो. मधी रिले टाका, फ्यूज टाका. या, देतो."

मी जाऊन रिले, फ्यूज आणि दिव्यासाठी एक नवं बटण घेऊन आले. रिले म्हणजे एक छोटी काळी डबी. तिला बारीक करंट मिळाला की आत टक् असा आवाज होतो आणि बॅटरीचा मोठा करंट दिव्याकडे जातो. तो बारीक करंट कुठून घ्यायचा, एवढंच शोधायचं होतं. दुकानदार म्हणाला होता, चावी फिरवल्यावर जिच्यात करंट येतो अशी कुठलीही तार चालेल.

मी चावी फिरवली आणि अब्बांनी टेस्टरची सुई एकेका तारेला लावून पाहिली. एका तारेवर टेस्टरमधला बारका दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"हात हलतोय तुमचा," मी म्हणाले.

"माझा हात?" अब्बांना ते फारच लागलं. "सुईत दोरा ओवताना अजून थुंकी लावत न्हाय मी!"

मग त्यांनी श्वास रोखून, मनगट टाकीवर टेकवून सुई धरली. तरी टेस्टर लुकलुकतच राहिला. जोड ढिला असेल असं ठरवून आम्ही तीच तार घेतली. अब्बांनी जोडावर इतकी सुबक टेप गुंडाळली की एक सुरकुती दिसेल तर शपथ. मी नवं बटण दाबलं. दिवा झगझगीत लागला, गेला, लागला, गेला, आणि रिले टक्‌टक् करत राहिला.

आम्ही दोघं पुढं वाकून दिव्याकडे बघत होतो. अम्मी गाडीच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "मागचा पिवळा दिवा पण तसंच करतोय की."

डावीकडचा इंडिकेटर सकाळपासून चालू राहिला होता, त्याचा पुढचा बल्ब गेलेला असल्यानं आम्हाला दिसला नव्हता, आणि आम्ही त्याचीच तार पकडली होती. मी इंडिकेटर बंद केला, तर हेडलाइटही विझला. अब्बा पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजे तू डावीकडं वळलीस तरच रस्ता दिसणार!"

अब्बांनी ती टेप उलगडली. दुपारच्या जेवणानंतर हॉर्नजवळ योग्य तार सापडली आणि दिवा एकदाचा शांतपणे लागला.

दिवस मावळल्यावर मगरिबची नमाज पढून अब्बा आले, तेव्हा आम्ही उजेडाची उंची ठरवायला घेतली. दिवा फार वर राहिला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरच्या घराच्या भिंतीवर अब्बांनी कपड्यावर खुणा करायच्या खडूनं रेघ ओढली. तेवढ्यात त्या घरातले निवृत्त क्लार्क काका बाहेर आले.

"चाचा, माझ्या भिंतीची मापं कशाला घेताय?"

"सदरा शिवतोय तिला," अब्बा म्हणाले.

"मग खिसा मोठा ठेवा," काका म्हणाले आणि खुर्ची आणून तिथंच बसले. मी गाडीवर बसले की उजेड एका जागी पडायचा आणि अब्बा मागं बसले की वर चढायचा. काका बसल्या जागेवरून "खाली, अजून खाली, बास!" असं ओरडत होते आणि मी स्क्रू फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून निघाले तेव्हा रस्ता दूरवर उजळलेला होता. खड्डे चुकवत मजेत येत होते. अर्ध्या वाटेत उसानं भरलेली बैलगाडी दिसली, आणि ती इतक्या लांबून दिसली की मलाच बरं वाटलं. मी उजेड खाली केला आणि बाजूनं पुढं निघणार, तोच उसाच्या मोळ्यांवर बसलेली बाई ओरडली, "ताई, फाट्यापतोर आमच्या मागंच चला की! मागनं गाड्या येत्यात, आमी दिसत न्हाय कुणाला."

मी मागं राहिले. माझा उजेड उसावर पडला होता आणि मागून येणाऱ्या गाड्या लांबूनच वेग कमी करत होत्या. बैलांच्या चालीनं मोटारसायकल चालवणं फार अवघड. दोन्ही पाय जमिनीला लावत, क्लच दाबत मी चालले होते. बाईनं वरूनच माझं गाव, शाळा, विषय सगळं विचारून घेतलं. गणित म्हटल्यावर म्हणाली, "बया! लई डोकं लागत आसंल." फाट्यावर तिनं दोन जाड ऊस ओढून काढले आणि माझ्या गाडीला मागं बांधून दिले.

घरी पोचले तर अब्बा दुकानाच्या दारात उभे होते. "एवढा उजेड असून उशीर?"

"उजेड होता म्हणूनच उशीर झाला," म्हणत मी ऊस सोडले. सगळी हकीकत ऐकता ऐकता त्यांनी उसाची कांडकी केली. पहिलं कांडकं त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं समोरच्या काकांना पायरीवर बोलावून दिलं, आणि पायरीवर पडलेल्या चिपाडांवरून अम्मीची बोलणी आम्ही तिघांनी मिळून खाल्ली.