डावीकडे वळताना

माझा मामा चष्मे करायचा. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर काचा बदलत एकच प्रश्न विचारायचा, "आता बरं, की मघाशी?" घरी आला की हाच प्रश्न गाडीला.

गाडी लांबलचक, मागे सामानाला ऐसपैस जागा, अख्ख्या कुटुंबासाठी घेतलेली. दुखणीही अख्ख्या कुटुंबाला पुरून उरतील इतकी. आज ब्रेक धरायचे, उद्या गिअर अडकायचा. वायरिंगचं तर विचारूच नका. मागची काच आपणहून खाली यायची. ती मोठा मुलगा तळव्याने दाबून धरायचा. मागचं दार खड्ड्यात उघडायचं. त्याची दोरी धाकटीच्या हातात. आणि डावीकडे वळलं की हॉर्न अडकून बोंबलायचा. मग मामी पायातली चप्पल काढून डॅशबोर्डवर एक ठेवून द्यायची. हॉर्न गप्प. इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला. त्यावर मामाने काळी चिकटपट्टी लावली होती. "दिसत नाही ना? मग झालं तर," म्हणायचा. चष्मेवाल्याच्या तोंडी हे!

शेवटी मामी म्हणाली, "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी."

मामाने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. त्यावरून अबोला झाला आणि गाडी विकायचं ठरलं.

मामीने गॅरेजवाल्याकडून एकूण एक दुखणं काढून घेतलं. चिकटपट्टीसुद्धा निघाली. मामा कुणी बघत नाहीसं पाहून बॉनेटवरून हात फिरवायचा.

गिऱ्हाईक आलं. बारीक मिशांचे, संशयी नजरेचे एक गृहस्थ. त्यांना घरची सगळी माणसं बसवून गाडी चालवून बघायची होती.

"कुणी तोंड उघडायचं नाही," मामीने दम भरला. "तुम्ही तर मुळीच नाही."

"मी कशाला बोलू?" मामा म्हणाला, आणि मागे जाऊन खरंच गप्प बसला.

गृहस्थ चालवू लागले, मामी शेजारी. गाडी कशी लोण्यासारखी.

"छान ठेवलीय हो," ते म्हणाले. मामी खुलली.

पुढे डावं वळण आलं. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं मात्र, मोठ्याचा तळवा काचेला चिकटला, धाकटीने नसलेली दोरी ओढली आणि मामीने चप्पल काढून डॅशबोर्डवर दाणकन हाणली.

हॉर्न वाजत नव्हता. आता वाजू लागला.

गृहस्थांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली मामीच्या हातात दिली. "मी इथून चालत जातो," ते ओरडून म्हणाले. त्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

मामा पुढे येऊन बसला आणि किल्ली लावली. चेहरा सुतकी, पण खांदे हलत होते. मामीने आणखी एक हाणली. हॉर्न थांबला आणि पिवळा दिवा पेटला.

"आता बरं, की मघाशी?" मामाने विचारलं.

"चालवा मुकाट्यानं."

घरी जायला पुन्हा डावीकडेच वळायचं होतं. चप्पल तिने पायात घातली नाही.