रबरीआत्याचा अंगठा

आत्याचा अंगठा मागे वळून थेट मनगटाला टेकायचा. घाटकोपरच्या आमच्या चाळीतली पोरं ते बघायला दारात गोळा व्हायची. "माझी हाडां नाय गो, रबर आसा," म्हणत ती करंगळीसुद्धा उलटी करून दाखवायची. रबरीआत्या हे नाव मीच ठेवलं. माझाही अंगठा तसाच वळायचा, पण तो मी कुणाला दाखवत नसे.

तिची तीन बाळं पाचव्या महिन्यात गेली. हिनं हंडे उचलले म्हणून, असं घरात ठरूनच गेलं होतं. मूल नाही म्हणून नवऱ्यानं तिला माझ्या वडिलांकडे, म्हणजे तिच्या भावाकडे, आणून सोडलं ते कायमचं. पाणी आलं की आई म्हणायची, "आता उचला वन्सं, आता काय जायचंय?" आणि आम्ही हसायचो. मीही हसायचे, त्याची आज लाज वाटते.

मला दिवस गेले तेव्हा माहेरी चोरओटी केली. पाचवी सवाष्ण मिळेना, तर आईनं वरच्या मजल्यावरून एक अनोळखी बाई आणली. आत्या आत पुऱ्या तळत होती. मी पदर पुढे केला. नंतर स्वयंपाकघरात तिनं माझा हात धरला. "माका दुखूक पण नाय गो, आपसूक सुटला. तिन्ही खेपेक. तुझ्या डॉक्टरणीक सांग हां."

"आजच्या दिवशी तरी असलं बोलू नकोस ना, आत्या!" मी हात सोडवून घेतला.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाचं पाचव्या-सहाव्यात गेलंय?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी "नाही" म्हणाले.

माझंही पाचव्यातच गेलं. दवाखान्यात सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "काय उचललंस?" मी रडत होते. कोपऱ्यातून आत्या कडाडली, "तिना काय्येक उचलूक नाय! आमच्या रक्तातच आसा ता." तिच्यासाठी हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, अंगठाही दाखवला. सांधे असे सैल असले की कधीकधी गर्भाशयाचं तोंडही कमकुवत असतं, काही घरांत ते पिढीजात येतं, वडिलांकडूनसुद्धा, असं त्या म्हणाल्या. त्यांनी वेळेत टाका घातला.

सातव्यात डोहाळजेवणाला पहिली ओटी मी आत्याकडून भरून घेतली. नारळ ठेवता ठेवता तिनं हळूच विचारलं, "पयल्या खेपेक पण सांगितलंस ना गो तू? मगे तिना टाको कित्याक नाय घातल्यान?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

मुलगी चार महिन्यांची असताना आत्या गेली. त्या डॉक्टरणीला ती शेवटपर्यंत शिव्या घालत होती.