‘ही कोणाची?’ विचारणारा दामूमामा

दामूमामा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्यासमोर कळंबचा एक होडीवाला कराचे कागद करून घ्यायला बसला होता आणि वर्षभरात होडीच्या डागडुजीला काय काय लागलं ते आठवून आठवून सांगत होता. गासहून मामाचा शेजारी सायकल मारत आला आणि दारातूनच म्हणाला, “ताई, दामूकाका गेले. दाढी करता करता...” होडीवाला उठला. “तू जा बाय. माझे कागद कोन खातोय? मी परत येन.” मी आधी त्याचे कागद त्याच्याच पिशवीत भरून त्याच्या हातात दिले आणि मगच चपला घातल्या. अशिलाचे कागद आपल्या घरात वस्तीला ठेवायचे नाहीत, हा मामाचा नियम. तो मोडला असता तर तिरडीवरून उठून ओरडला असता.

मामा माझ्या आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्याहून फार मोठा नव्हता, म्हणून आमचं अरेतुरेच. मुंबईला एका हिशेबनिसाच्या कचेरीत तो बरीच वर्षं खर्डेघाशी करत होता. लढाईच्या दिवसांत कंटाळून नोकरी सोडली आणि गासला ओटीवर टेबल टाकलं. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पण लढाई संपली, विक्रीकर आला, आयकराच्या नोटिसा सोपाऱ्या-विरारच्या दुकानदारांपर्यंत पोचू लागल्या, आणि ज्यांनी वेड्यात काढलं होतं तेच पिशव्या घेऊन ओटीवर येऊन बसले. माझी मुलं शाळेत जायला लागल्यावर एक दिवस तो सोपाऱ्याला आमच्या घरी आला आणि चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, “तुझं अक्षर मला वाचता येतं. माझं मला येत नाही. मे-जूनपुरती येशील?” मे-जूनपुरती गेले ती आजवर तेच करते आहे.

हे काम एकट्याने करणारी माणसं आता आपल्याकडे बरीच झाली आहेत, म्हणून मामाच्या चार गोष्टी सांगून ठेवते. कोऱ्या फॉर्मवर अशिलाची सही घेऊन ठेवायची नाही, तो कितीही घाईत असला तरी. आयकराचा साहेब काय करेल याबद्दल ‘होऊन जाईल’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आपण कागद करतो, निकाल देत नाही. आकडे विचारण्याआधी घरचं विचारायचं, कारण मुलीचं लग्न झालंय, भाऊ वेगळा निघालाय, विहीर खणलीये, हे माणूस बोलता बोलता सांगतो आणि अर्धा फॉर्म त्यातच असतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवं काम घ्यायचं नाही, कारण त्या आठवड्यात केलेल्या चुका पुढचं वर्षभर निस्तराव्या लागतात. आणि दुपारी जेवायचं. उपाशी माणूस बेरीज चुकतो आणि खेकसतो. खेकसायचा मात्र तो जेवल्यावरसुद्धा. हट्टी तर असा, की एका टांगेवाल्याशी भांडण झालं म्हणून सोपारा स्टेशनपर्यंत कित्येक वर्षं चालत गेला. टांगा शेजारून चालायचा, वरून टांगेवाला “या की दामूशेट” म्हणायचा आणि हा आभाळाकडे बघायचा.

पण त्याचा सगळ्यात मोठा नियम एकच होता. बघितल्याशिवाय लिहायचं नाही. दुकान म्हटलं की दुकान बघून यायचं, होडी म्हटली की होडी. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायची. फिलूबायचं प्रकरण आलं तेव्हापासून बोलायचं बंद केलं.

फिलूबाय गासचीच, मामाच्या घरापासून दोन वाड्या पलीकडे राहणारी विधवा बाई. लहानशी केळीची वाडी आणि घरापुढे मोठं, झाडांच्या सावलीतून सुटलेलं खळं. त्या खळ्यात दिवसभर ऊन मिळायचं, म्हणून सगळी आळी आपापली पिकलेली राजेळी केळी सोलून तिथेच वाळत घालायची. बांबूच्या मांडवावर ओळीच ओळी. ख्रिस्ती घरांतल्या, हिंदू घरांतल्या, सगळ्यांच्या शेजारी शेजारी. सुकेळी तयार झाली की वाळल्या पानांत बांधून एकाच गाडीतून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायची. फिलूबायच्या खळ्यातला म्हणून त्या मालाला नाव होतं, तेव्हा व्यापाऱ्याने पावत्याही सगळ्या फिलूबायच्या नावाने फाडल्या. ज्याचे पैसे त्याला ती वाटून द्यायची. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं. मग व्यापाऱ्याचे कागद तपासले गेले आणि फिलूबायला नोटीस आली. एवढी सुकेळी एका वाडीत पिकणं शक्य नाही, तेव्हा ही बाई लोकांची केळी घेऊन धंदा करते, मागच्या वर्षांसकट कर का लावू नये?

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, धंद्यावर आहे. प्रत्येक घराने आपल्या वाडीतली केळी आपण वाळवली, एवढं सिद्ध झालं की विषय मिटत होता. नाही झालं तर सगळ्या आळीचा बोजा फिलूबायवर पडणार होता आणि तिच्याकडे वाडीशिवाय विकण्यासारखं काही नव्हतं. मामा म्हणाला, “सोपं आहे. घरोघरी जाऊन जबाब लिहून घेऊ.” आम्ही गेलो. आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकच उत्तर मिळालं.

“सुकेळी? आमची कसली सुकेळी? आम्ही केळी तशीच विकतो.”

“अहो, काल तर तुम्ही खळ्यात परतत होतात.”

“ती फिलूबायला मदत म्हणून.”

सरकारी कागदावर नाव गेलं की उद्या आपल्याला नोटीस, ही भीती. ज्या कागदाने सगळ्या सुटणार होत्या त्याच कागदाला सगळ्या घाबरल्या. फिलूबायने हे ऐकलं. शेजारणींना नावं ठेवली नाहीत की रडली नाही. मामाच्या ओटीवर येऊन खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “दामूभाऊ, टाका माझ्याच नावावर. मी मांडव मोडते. वाडीचं काय होईल ते होईल. या वयात आळीशी वैर नको.”

“खोटं लिहून खाली सही करायची असती तर मी मुंबईलाच राहिलो असतो,” मामा करवादला. “मांडवाला हात लावू नका. उद्या दुपारी केळी परतायला सगळ्या येतील ना?”

“यायच्या कशा नाहीत? त्यांची केळी आहेत.”

“तेच तर,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री घेऊन तो खळ्यात उभा. बाजूला मी, कागद आणि टाक घेऊन. बायका मांडवाभोवती वाकून केळी परतत होत्या. मामाने पहिल्या ओळीवर छत्रीचं टोक धरलं. “ही कोणाची?” कुणी मान वर केली नाही. “कोणाचीच नाही? मग फिलूबायची. बाय, उचला आणि घरात नेऊन ठेवा.” फिलूबाय घुटमळली. त्याने डोळे वटारले तशी तिने ओळ टोपलीत भरली आणि आत नेली. मामा पुढे सरकला. “ही कोणाची? ... हीपण फिलूबायची.” दुसरी टोपली आत गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसऱ्या ओळीवर छत्री टेकली मात्र, आळीतली सगळ्यात म्हातारी जानकीआजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दाम्या! मेल्या, माझ्या केळ्यांना हात लावशील तर बघ!”

“तुझी कशी? काल तर तुझी नव्हती.”

“माझी नाय तर कोणाची? एवढी लांबसडक केळी या आळीत दुसऱ्या कोणाच्या वाडीत पिकतात, दाखव मला!”

हे दुसरीला कसं सहन व्हावं? “आजी, लांब केळी आमची. तुमची नुसती बारीक,” म्हणत ती उठली आणि आपली ओळ दाखवू लागली. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. ही माझी, ती तिच्या सासूची, आणि आत नेलेली टोपली आधी बाहेर आणा. मामा छत्री मिटून माझ्याकडे वळला. “लिही,” म्हणाला. मी लिहिलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. जानकीआजीने अंगठा पुढे करता करता विचारलं, “आता पोलीस येईल काय रे?” “आला तर सुकेळी दे,” मामा म्हणाला, “पण तुझी देऊ नको, बारीक आहेत.” त्यावर आजीने त्याच्या पाठीत घातलेला धपाटा मला अजून ऐकू येतो.

ठाण्याच्या आयकर कचेरीतल्या साहेबांनी जबाब वाचले, मामाला पुष्कळ उलटसुलट विचारलं आणि मान्य केलं. सज्जन माणूस होता. फिलूबायची वाडी राहिली, मांडवही राहिला, आणि तेव्हापासून व्यापारी प्रत्येकीच्या नावाची पावती फाडू लागला.

मामाला जाऊन आता काही आठवडे झाले. तो नसताना हा पहिलाच मे महिना. परवा मी आळीचे कागद करायला गासला गेले, तर आधी खळ्यात गेले. बघितल्याशिवाय लिहायचं नाही. जानकीआजी आता नाही, तिची सून होती. फिलूबाय थकली आहे, सावलीत बसून नुसती देखरेख करते. मी ओळीगणिक विचारत गेले आणि बायका हसत हसत उत्तरं देत गेल्या. अगदी कडेला, भिंतीजवळ, एक आखूड ओळ होती. त्यातली केळी एका वाडीतली नव्हती. काही लांब, काही बारीक, काही काळपट.

“ही कोणाची?”

बायका हसायच्या थांबल्या होत्या.

“दामूभाऊंची,” फिलूबाय म्हणाली. “प्रत्येकीच्या घरची थोडी थोडी. दर साल घालतो. फी वाढवून घ्या म्हटलं तर ओरडायचे, पण हे न्यायचे. औंदा घालायची नाय असं कोनी बोललंच नाय... घातली.”

मला मामाने कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाडी नव्हती, झाड नव्हतं. गेलेल्या माणसाचं उत्पन्न वारसाने दाखवायचं असतं, हे मात्र त्यानेच मला शिकवलं होतं. उन्हं चढली होती आणि सगळ्या ओळी परतून झाल्या होत्या, तेवढी एक सोडून. मी कागद फिलूबायच्या मांडीवर ठेवले, हात धुतले आणि ती ओळ परतायला घेतली.