लखनौचा एक वाचक

मोबाइल समोरच्याच्या नाकापाशी धरायचा, दोन बोटांनी पडद्यावरचा आलेख ताणून मोठा करायचा आणि विचारायचं, "आकडा बघितलात?" तुमच्या कचेरीत असा एखादा ब्लॉगवाला असेल, तर माझं दुःख तुम्हाला वेगळं सांगायला नको. लेख कसा होता, हे आमच्या ब्लॉगवाल्यांनी मला कधीच विचारलं नाही.

आमच्या बँकेचं विभागीय कार्यालय गोमती नगरला. तिथले संगणक हे गृहस्थ सांभाळायचे. मूळचे साताऱ्याचे. अख्ख्या मजल्यावर मराठी असे आम्ही दोघंच, त्यामुळे मला सुटका नव्हती. त्यांच्या मुलीला मराठी कळायचं, पण लेख वाचायला दिला की ती म्हणायची, "पापा, आप ही सुना दो ना." हे ऐकवायला लागले की दुसऱ्या परिच्छेदाला उठून जायची. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. वर म्हणाले, "एक जरी खरा वाचक असला ना, बस हो गया."

वाचक येईनात, तर दोष कुणाचा? ब्लॉगच्या रंगाचा. नाचता येईना, अंगण वाकडं. रंग बदलला, मग अक्षरांचं वळण बदललं, मग सगळा बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या ब्लॉगसेवेवर नेला. त्या धांदलीत निम्मे फोटो गळाले. त्यावरही लेख आला, 'आपण नव्या घरी आलो आहोत'. आपण म्हणजे कोण, ते त्यांनाच ठाऊक. मी त्यातलं अक्षर वाचत नव्हतो. "वाचताय ना?" असं विचारलं की "हो" म्हणायचो. म्हणायला माझं काय जात होतं!

एक दिवस स्वारी मलई गिलौरी या लखनवी मिठाईचा डबा घेऊनच आली. आकडा अठरावर गेला होता. रोज सकाळी दहाला अठरा वाचक, सगळे लखनौचे. "बघा, रंगाचा परिणाम," म्हणाले.

खरं काय ते मला माहीत होतं. नवा ब्लॉग सगळीकडे उघडतो की नाही हे तपासायला त्यांनीच आमच्या मजल्यावरच्या अठरा संगणकांवर तो पहिलं पान म्हणून लावला होता, आणि काढायला विसरले होते. सकाळी यंत्र सुरू केलं की ब्लॉग हजर. शेजारच्या टेबलावरचे बाबूजी रोज तो बंद करताना पुटपुटायचे, "ये मराठी सर्कुलर फिर आ गया."

मी गिलौरी तोंडात टाकली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, तुमचे वाचक रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टीवर का जातात?"

त्यांनी आलेख पाहिला. मग मजल्यावरचे संगणक पाहिले. कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि दुपारभर एकेका टेबलावर जाऊन ते पान काढून टाकलं. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

"तुमचं राहू देतो. तुम्ही वाचताच ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुढे ते निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. माझ्या संगणकावर ब्लॉग रोज उघडत राहिला, मी रोज बंद करत राहिलो. गेल्या थंडीत तापाने चार दिवस घरी होतो. पाचव्या दिवशी कामावर गेलो आणि सव्वादहाला त्यांचा फोन. "तब्येत बरी आहे ना? चार दिवस लखनौ दिसलं नाही."

मला लाज वाटली. आता वाचायचंच असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पान बंद केलं.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रजेवर होतो. परत आलो, दहा वाजले, साडेदहा झाले, फोन नाही. शेवटी मीच लावला. मुलीने उचलला.

"पापा नहीं रहे, अंकल. तीन हफ़्ते हो गए."

मग ती म्हणाली, "पापा कहते थे, लखनऊ में आप रोज़ पढ़ते हैं. उनका आख़िरी वाला आप सुना देंगे? मुझसे नहीं पढ़ा जाता."

पान समोर उघडंच होतं. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. लेख ब्लॉगच्या नव्या रंगाबद्दल होता. हिरवा डोळ्यांना बरा की निळा, यावर सात परिच्छेद. लेख सुमारच होता, ते मी आजही म्हणेन. दुसऱ्या परिच्छेदापाशी मी थांबून विचारलं, "सुन रही हो?"

"हाँ अंकल, आगे," ती म्हणाली.

मी शेवटपर्यंत वाचला. तिने फोन ठेवला नाही.