कोंबडीनं खाल्लेले वीस दाणे

सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या लेकीनं मला गणित विचारणं बंद केलं. त्याला कारण मीच.

सरांनी सुट्टीत सोडवायला दोन पानं दिली होती, एक शेकडेवारीचं, एक काटकोन त्रिकोणाचं. मी पोळ्या लाटत होते. ती वही घेऊन जवळ आली. "आई, साठपैकी पंचेचाळीस म्हणजे किती टक्के? सांग नं."

"मले काय इचारून राह्यली? तुह्या सरले पगार कायचा भेटते?" मी खेकसले.

पोरगी वही मिटून निघून गेली. त्यानंतर ती मोबाइलवर बोटं फिरवायची आणि नुसता उत्तराचा आकडा वहीत उतरवायची. माझ्या मागची पीडा टळली होती, म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण माझी लेक मला काही विचारत नाही, हे मला फार लागलं.

खरी गोष्ट अशी की मला ते गणित येत नव्हतं आणि ते तिला कळू नये म्हणून मी चिडत होते. दहावीला माझं गणित राहिलं, हे लेक सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कसं राहिलं, हे मात्र इथं सासरी कोणालाच ठाऊक नव्हतं. पेपरच्या सकाळी मी पोटात दुखतं म्हणून अंथरुणात पडून राहिले. आईनं ओवा दिला, बापानं दोनदा हाका मारल्या. एसटी निघून गेली आणि पोट दुखायचं लगेच थांबलं. पुढं निकाल लागला तेव्हा मराठीत मी वर्गात पहिली होते, गणितासमोर आकडाच नव्हता आणि खाली 'नापास' लिहिलेलं होतं. तो एक शब्द मी सासरी सोबत घेऊन आले. वीस वर्षं, मोठ्या माणसांत कोणी आकड्यांचं काही काढलं की मी आधीच सांगून टाकायची, "गणित अन् माह्यं जमत नाई."

आमचं गाव अमडापूरजवळ, शेत चार एकर, त्यात सोयाबीन. पेरणीआधी घरचं बी उगवतं की नाही ते तपासायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, दहा-दहाच्या दहा ओळी. वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर तेच बी पेरायचं, नाही तर चिखलीच्या बाजारातून बियाण्याची नवीन बॅग आणायची. दाणे शंभरच असतात, त्यामुळं मोजण्यापलीकडं डोक्याला काही काम नसतं.

त्या वर्षी चौथ्या दिवशी शेजारणीची कोंबडी गुंडाळीचं तोंड उकरताना सापडली. मी तिला हाकललं, गोणपाट पुन्हा नीट केलं आणि कोणाला काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सातव्या दिवशी नवरा समोर येऊन बसला. मी गुंडाळी उघडून कोंब आलेले दाणे मोजले. साठ भरले.

"साठच," मी म्हटलं. "बी नापास."

त्याचं तोंड उतरलं. "मंग जातो उद्या चिखलीले."

लेक उंबऱ्यात बसून हे पाहत होती. ती उठून आली आणि तिनं कोंब आलेले, न आलेले सगळेच दाणे मोजले. "आई, हे तं ऐंशीच हायेत."

मग कोंबडीची गोष्ट सांगावी लागली.

"म्हणजे वीस दाणे कोंबडीनं खाल्ले," ती म्हणाली. "मंग ते नापास काऊन? ते तं परीक्षेले बसलेच नोते!"

नवरा खो-खो हसला. मला हसू आलं नाही. गोणपाट हातातच राहिलं. माझ्या गणितासमोरची ती रिकामी जागा मला स्वच्छ दिसली. मी तो पेपर कधी लिहिलाच नव्हता, आणि त्यात नापास झाल्याचं वीस वर्षं सांगत फिरत होते.

"अवं, मंग टक्के किती धरायचे?" नवऱ्यानं विचारलं. लेकीनं मोबाइलसाठी हात पुढं केला.

"थांब," मी म्हटलं. "मले रीत नाई येत. पण बस, आपण पाहू."

'नाई येत' हे मी तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं होतं. तिनं हात मागं घेतला आणि माझ्याजवळ मांडी घातली.

मी कोंब आलेले तीन दाणे घेतले आणि त्यांच्याजवळ न आलेला एक ठेवला. मग दुसरी ढिगली, तिसरी. वीस ढिगल्या झाल्या आणि एक दाणाही उरला नाही. शंभर दाण्यांच्या अशा चार-चारच्या पंचवीस ढिगल्या होतात, आणि प्रत्येकीत तीन उगवलेले. पाढे मात्र माझे तिसापर्यंत तोंडपाठ होते. "पंचवीस त्रिक पंच्याहत्तर," मी एका दमात म्हटलं. नवऱ्याचं चिखलीला जाणं तिथंच रद्द झालं.

लेक धावत वही घेऊन आली. साठपैकी पंचेचाळीस. तिनं चार-चारच्या पंधरा ढिगल्या पाडल्या, प्रत्येकीत तीन. "आई, हे बी पंच्याहत्तरच हाये!" असं ओरडून तिनं पान उलटलं आणि विचारलं, "अन् हे?"

तिनं मला पुन्हा विचारलं होतं. त्या आनंदात मी ते उदाहरण तीनदा वाचलं. दहा फुटांची शिडी, तिचे पाय भिंतीपासून सहा फुटांवर, तर शिडी भिंतीला किती उंचीवर टेकेल? मला तेही येत नव्हतं. पण आमची शिडी दहा फुटांचीच होती. ती भिंतीला लावली, पाय सहा फुटांवर ओढले. "घसरन नं वं!" म्हणत नवऱ्यानं ती धरली आणि लेकीनं टेप लावला. आठ फूट. मग तिनं मला पुस्तकातली रीत दाखवली. दहाचा वर्ग शंभर, त्यातून सहाचा छत्तीस गेला, राहिले चौसष्ट, म्हणजे आठाचा वर्ग. मला ती समजली. एवढीच होती ती, याचा मला रागही आला.

संध्याकाळी मी तिला पोटदुखीची गोष्ट सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग तू नापास कुठं झाली? तू तं गेलीच नाई. आता जाय."

बी चांगलं उगवलं. पेरणी आटोपल्यावर मी राहिलेल्या गणिताचा फॉर्म भरला. हिवाळाभर आम्ही दोघी एका सतरंजीवर बसलो. मी काही विचारलं की ती माझाच आवाज काढून म्हणायची, "मले काय इचारून राह्यली? तुह्या सरले इचार!" आणि मग सरकून जागा द्यायची.

मार्चमध्ये पेपरच्या सकाळी ती मला फाट्यावर सोडायला आली. मी पिशवीतलं हॉल तिकीट चौथ्यांदा चाचपलं, तशी तिनं माझ्या तोंडाकडं पाहून विचारलं, "आई, पोट दुखून राह्यलं का?"

"हाव, दुखून राह्यलं," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. तेवढ्यात वळणावर एसटी दिसली आणि मी हात केला.