जिलोचा ग्लोव्ह आणि तान्चीची नीळ

पाद्रीबाबा आशीर्वाद देतात तेव्हा सगळं चर्च डोळे मिटून उभं असतं, फक्त जिलो रोसालिना एक डोळा उघडा ठेवतो, असं आमच्या बेटावर, सोतो गावात म्हणत. ते खोटं नव्हतं. पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला गेला, तेव्हा समोर रश्श्याची वाटी आली आणि हा पठ्ठ्या चमच्याने तळ ढवळत बसला. सासूने विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही. शेपटी दिसते का बघतोय."

बकरीचा रस्सा म्हणून इग्वाना, म्हणजे आमच्याकडचा घोरपडीएवढा सरडा, वाढायची खोड त्या घराला होतीच, आणि त्या दिवशी वाटीत इग्वानाच निघाला. संशयी माणसाचं हेच दुखणं असतं. दहात चार वेळा तो खरा ठरतो, मग त्याला सुधारणार कोण?

जिलोला हा गुण मैदानाने लावला. चर्चच्या मागे निवडुंगाच्या कुंपणात आमचं बेसबॉलचं मैदान. जमीन विटेसारखी भाजलेली, वर खडेच खडे, आणि मधून बकऱ्यांची वाट. सरपटत सरळ येणारा चेंडू कुठल्या खड्याला लागून कुठे उसळेल ते देवालाही ठाऊक नसायचं. जिलो अकरा वर्षांचा असताना अशाच एका चेंडूने त्याचा पुढचा दात अर्धा नेला. तोंड रक्ताने भरलेलं घेऊन तो घरी आला, तर तान्ची मेना म्हणाली, "रडतोस कशाला? अर्धा ठेवलाय ना?"

तान्ची म्हणजे मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती लोकांचे कपडे धुवायची आणि शिवायची. शिवण कसलंही असो, दोरा लालच. पांढऱ्या सदऱ्यालासुद्धा लाल टाके. वाळत घातलेलं कोणी पळवलं तर गावात लांबून ओळखू यावं, हा तिचा हिशोब. तेव्हा संशय घरातही थोडा होता म्हणायचा.

दात गेल्यापासून जिलो प्रत्येक चेंडूला चोर समजू लागला. ग्लोव्हमधून उजव्या हातात येईपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. त्याच जोरावर तो शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा, सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. अख्ख्या बांदाबूमध्ये, म्हणजे बेटाच्या आमच्या पश्चिम भागात, त्याच्या हातांना तोड नव्हती. बाविसाव्या वर्षी हॉलंडहून, हार्लेमच्या एका क्लबाचं बोलावणं आलं.

निघायच्या सकाळी तान्चीने कपड्यांची नीळ कालवली. दृष्ट लागू नये म्हणून ती आम्ही तान्ह्या पोरांना लावतो. तिने या घोड्याला खाली बसवलं आणि दोन्ही कानांमागे, दोन्ही तळपायांना बोट ओढलं.

"तान्ची, मी काय तान्हा आहे?"

"गप्प बस. तिकडच्या लोकांचे डोळेच निळे. निळ्याला नीळच लागते."

हार्लेमचं मैदान जिलोने बघितलं. गालिच्यासारखं गवत, औषधालाही खडा नाही. हे लोक खडे लपवतात कुठे, असं त्याला वाटलं. सामन्याआधी तो अर्धा तास वाकून मैदान धुंडाळायचा. चेंडू उसळेल म्हणून छाती पुढे करून थांबायचा आणि चेंडू मुकाट्याने पायांमधून निघून जायचा. पहिल्या महिन्यात त्याने अकरा चुका केल्या. पण गडी चिवट. दुसऱ्या मोसमात गवताची लबाडी त्याला कळली, आणि चौथ्या मोसमात हॉलंड देशाच्या संघासाठी, आमचं बेट त्यांच्याच राज्यातलं म्हणून, त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

त्या डिसेंबरात तो सुट्टीवर सोतोला आला, तेव्हा ग्लोव्हचं अस्तर फाटलं होतं. तान्चीने ते शिवून दिलं. हिवाळाभर तो बंद सभागृहात सराव करत राहिला, आणि एप्रिलात निवडीचा सामना लागला. युरोपच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात शॉर्टस्टॉपची जागा एकच, आणि माणसं दोन. एक जिलो, दुसरा विबे नावाचा उंच, पिवळ्या केसांचा गडी. दोघांना समोरासमोरच्या संघांत घातलेलं. ही जागा गेली असती तर जिलोला घरी तोंड दाखवणं कठीण होतं, कारण तान्चीने गावभर आधीच सांगून टाकलं होतं.

सकाळी जिलो कपडे बदलायच्या खोलीत शिरला, तर विबे त्याचा ग्लोव्ह स्वतःच्या हातात घालून बोटं हलवून बघतोय. जिलोला बघताच त्याने तो घाईने बाकावर ठेवला. जिलोने मनात गाठ मारून ठेवली.

सामना सुरू झाला आणि तिकडचा तो बारीक, चिकट पाऊस लागला. जिलोने तीन डावांत एक चेंडू सोडला नाही. मग पंचाने एक चेंडू डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या कातड्यावर निळा डाग. त्याने चेंडू बदलला. चार फटक्यांनी पुन्हा डाग. विबेचा संघ क्षेत्ररक्षणाला आला की चेंडू स्वच्छ, जिलोचा आला की निळा. तिसऱ्या वेळी समोरचा प्रशिक्षक ओरडला, "ते चेंडूला काहीतरी फासतायत."

निवड करणारे मेनेर क्रोन, म्हणजे क्रोनसाहेब, छत्री घेऊन मैदानात उतरले. सगळ्यांना तळहात पुढे करायला लावले. जिलोचा डावा हात मनगटापर्यंत निळा.

"हा काय प्रकार आहे?"

जिलोला एकच गोष्ट आठवली. त्याने विबेकडे बोट केलं. "सकाळी माझा ग्लोव्ह याच्या हातात होता. यालाच विचारा."

"घातला होता," विबे म्हणाला. "तुझा इतका मऊ कसा ते बघत होतो. यात गुन्हा काय?"

मेनेर क्रोन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "तुमच्यातला एक जण खोटं बोलतोय. जो बोलतोय, तो या संघात येणार नाही." त्यांनी खिशातून चाकू काढला आणि ग्लोव्हचं अस्तर उसवायला घेतलं.

चाकूखाली दोरा तुटला. दोरा लाल होता. आत चामड्याला चिकटून कापडाची एक इवलीशी पुरचुंडी, भिजून गच्च झालेली, आणि तिच्यातून नीळ ठिबकत होती. सोतोत पाऊस आला की खेळ थांबतो आणि माणसं ग्लोव्ह पोटाशी धरून झाडाखाली पळतात. तान्चीने आयुष्यात ओला ग्लोव्ह बघितला नव्हता. तो दोरा म्हणजे काय, हे त्या मैदानात एकट्या जिलोला ठाऊक होतं. तो गप्प राहिला असता तर गोष्ट विबेवर शेकली असती आणि जागा जिलोची झाली असती. क्रोन तर विबेकडे वळलेही होते.

"मेनेर," जिलो म्हणाला, "तो टाका माझ्या मावशीचा आहे."

"तुझी मावशी हार्लेमला कधी आली?"

"आली नाही. ती सोतोत आहे. डिसेंबरात अस्तर शिवून दिलं होतं. आत हे असेल हे मला माहीत नव्हतं."

"आणि नीळ कशासाठी?"

जिलोने मान खाली घातली. "तुमच्या डोळ्यांसाठी."

मेनेर क्रोननी आपले निळे डोळे दोनदा मिचकावले. हसावं की हाकलून द्यावं, हे त्यांचं ठरेना. "उरलेला सामना दुसऱ्याच्या ग्लोव्हने खेळ," ते शेवटी म्हणाले. "आणि माझी नजर तुझ्या हातांवर राहील."

ग्लोव्ह देणार कोण? सगळे बुटांकडे बघू लागले. तेवढ्यात विबेने आपला ग्लोव्ह जिलोच्या छातीवर फेकला. दोघं दोन संघांत, एक क्षेत्ररक्षणाला आत तर दुसरा बाहेर, तेव्हा एकाच ग्लोव्हवर दोघांचं भागणार होतं. जिलोने आधी तो उलटा करून झटकला, मग एकेका बोटात करंगळी घालून बघितली.

"हार्लेममध्ये विंचू नसतात," विबे म्हणाला.

"असं तुला विंचवाने सांगितलं का?"

प्रत्येक डावाला ग्लोव्ह या हातातून त्या हातात जाई आणि प्रत्येक वेळी जिलो तो झटकून, चाचपून मगच घाली. आठव्या डावात विबे पळत आला, ग्लोव्ह दिला आणि जिलोने तो तसाच हातात चढवून जागा धरली. विबे जाता जाता थबकला. त्याच डावात ओल्या गवतावरून साबणासारखा एक चेंडू निसटत आला. जिलोने तो परक्या ग्लोव्हच्या टोकात अडकवला आणि पडता पडता फेकून फलंदाज बाद केला.

संध्याकाळी क्रोननी नावं वाचली. शॉर्टस्टॉप, रोसालिना. दुसऱ्या बेसवर विबे. "याच्यावर नजर ठेवायला जवळ कोणीतरी पाहिजे," ते म्हणाले, आणि ते थट्टा करत होते की नाही हे जिलोला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते दोघे नऊ मोसम देशासाठी शेजारीशेजारी खेळले. इटलीत गेलं की यजमानांची कॉफी आधी विबेने प्यायची, पाव घटका थांबायचं, मग जिलो कपाला हात लावणार. विबे म्हणायचा, "मी मेलो तर दुसऱ्या बेसवर कोण?" जिलो म्हणायचा, "कॉफी पिऊन झाली की बघू."

पहिल्या स्पर्धेनंतरच्या डिसेंबरात विबे त्याच्याबरोबर सोतोला आला. तान्चीने पाहुण्याच्या आधी ग्लोव्ह हातात घेतला. अस्तरावर बोट फिरवलं आणि तिचे डोळे बारीक झाले. दोरा काळा होता.

"हा टाका माझा नाही. कोणाचा?"

जिलो खिडकीबाहेर बघू लागला. त्या सामन्याचं त्याने तिला अक्षरही कळवलं नव्हतं. विबेला आमच्या भाषेतले जेमतेम चार शब्द येत होते. त्याने छातीवर हात ठेवला. "मी."

तान्चीने कात्रीने काळा दोरा काढला. आत तिची पुरचुंडी जागच्या जागी होती, पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तोंडाला गच्च गाठ मारलेली. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी. हे जिलोलाही नवीन होतं. त्याने विबेकडे बघितलं, तर तो कान खाजवत बसलेला.

तान्चीने पुरचुंडी हुंगली, पिशवी उजेडात धरून बघितली. "पावसाचं माझ्या ध्यानात आलं नाही," ती एवढंच म्हणाली, पिशवी तशीच आत घातली आणि वरून लाल दोऱ्याने शिवली. मग बोट निळीत बुडवून विबेसमोर उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत बराच वेळ रोखून बघितलं, खात्री काही पटलेली दिसली नाही, तरी दोन्ही कानांमागे बोट ओढलं.

नंतर सगळे जिलोच्या सासुरवाडीला जेवायला बसले. रश्श्याच्या वाट्या आल्या. विबेने चमचा उचलला आणि वाटीचा तळ ढवळू लागला.

"काय हे," जिलो म्हणाला. "माझ्यावर विश्वास नाही? बकरीच आहे."

विबेने त्याच्याकडे बघितलं, चमचा भरला आणि खाल्ला. रस्सा दुसऱ्यांदा मागूनही घेतला. ती बकरी नव्हती.